शुगर-बीपीच्या गोळ्यांत खंड का पडतो? – मराठवाड्यातले अनुभव लिहा

गल्ल्यावरून

बीड जिल्ह्यात आठवडी बाजार भरतो अशा एका गावात माझं मेडिकल आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर गिऱ्हाइकं ओळखू यायची.

शुगर-बीपीवर इथे आधीही धागे निघालेत. बहुतेकांचं वळण एकच: लोक पथ्य पाळत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत, अडाणी आहेत. गल्ल्याच्या आत उभं राहिलं की जरा वेगळं दिसतं. गोळी सोडायची असं ठरवून कुणी सोडत नाही. ती सुटते. पेरणीत सुटते, लग्नसराईत सुटते, घरात कुणी वारलं की तेरावा होईपर्यंत सुटते. त्या आठ-पंधरा दिवसांत काही झालं नाही की मग माणूस म्हणतो, "बाप्पा, आता बरं वाटायलंय की. कामून खायची?"

बीपी वाढलेलंही कळत नाही आणि उतरलेलंही. दाढ दुखली की लोक रात्री बारालाही शटर वाजवतात. बीपीसाठी आजवर कुणी वाजवलेलं नाही.

खंडाचं एक अगदी क्षुल्लक कारण सांगतो. बीपीची पट्टी दहाची, शुगरची पंधराची. माणूस खिशात असेल तशा नेतो. मग एक मंगळवारी संपते, दुसरी पुढच्या रविवारी. वाडी-तांड्यावरून यायचं तर जीपचं भाडं, वर दिवसाची मजुरी बुडते. एका पट्टीसाठी कोण येणार? "दोन्ही संपल्या की संगटच आणू" असं ठरतं आणि तेवढे दिवस एक गोळी बंद. शिवाय चिठ्ठी ३० दिवसांची असते. आमच्याकडे हिशोब बाजारावर चालतो, आणि बाजाराच्या दिवसापासून ३० दिवस मोजले तर बाजार कधीच येत नाही, दोन दिवस आधीच होऊन गेलेला असतो.

म्हणून जुन्या, चिठ्ठीवाल्या गिऱ्हाइकांना मी सगळ्या गोळ्या एकाच मापात देतो. चार बाजारांच्या म्हणजे २८, आणि वर एका आठवड्याच्या राखीव. पट्टी कापावी लागते. कापताना नाव आणि एक्स्पायरीचा तुकडा गिऱ्हाइकाकडेच जाईल हे बघावं लागतं. राखीव सात वेगळ्या पाकिटात घालून त्यावर लाल पेनने 'पाऊस' लिहितो. ओढ्याला पाणी आलं, जीप आली नाही, तरच ते फोडायचं. बियाणं राखून ठेवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या घरी, गावात खंड कुठे पडतो? आणि कुणी काय केल्यावर तो भरून निघाला? उपदेश नकोत, ते कंपनीच्या कॅलेंडरवर छापून येतात.

पुण्यातला_लातूरकर

वा, धागा आवडला. वाचनखूण साठवली.

आमचा खंड फोनमध्ये पडतो. आई-वडील औसा तालुक्यात, मी पुण्यात. रोज रात्री विचारतो, "गोळी घेतली का?" "घेतली की." दिवाळीला गेलो तर डब्यात पट्ट्या जशाच्या तशा. वडिलांच्या मोबाइलवर अलार्म लावून दिला. अलार्म वाजला की ते तो बंद करतात, इतकंच. काय करावं?

उपकेंद्रवाली_ताई

मी परभणी जिल्ह्यात एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. (पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलंय, गावात अजून 'नर्सबाईची खोली'च म्हणतात.)

लातूरकर दादा, "घेतली का?" असं विचारल्यावर उत्तर "घेतली"च येणार. लेकराच्या जिवाला घोर नको म्हणून आई खोटं बोलते. "पट्टीत किती उरल्या गं?" असं विचारा. तिला उठून बघावं लागतं, आणि पट्टी हातात आलीच तर गोळी घेतली जाते. आणि अलार्मपेक्षा घरात रोज न चुकता होणारं एखादं काम शोधा. आमच्या एक आजी संध्याकाळची गोळी देवापुढे दिवा लावताना घेतात. काडेपेटी आणि पट्टी एकाच कोनाड्यात. मात्र जी गोळी जेवणासोबत घ्यायची ती चुलीपाशी, भाकरीच्या टोपल्याजवळच हवी.

३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणं हे आमचं कामच आहे. आशाताई आधी घरोघरी फॉर्म भरतात: तंबाखू आहे का, कंबर किती, घरात कुणाला शुगर आहे का. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत, तरी कितीतरी लोकांना वाटतं केसपेपरला पैसे लागतात. डॉक्टरशी बोलायचं असेल तर ई-संजीवनीवर व्हिडिओ लावून देते. रेंज असली तर. नसली तर बाभळीखाली जाऊन उभं राहावं लागतं, तिथे येते.

गोळ्यांचा साठा कधी कधी येत नाही, हेही खरं. तेव्हा "पुढच्या आठवड्यात या" म्हणणं सोपं असतं, पण गल्ल्यावरून म्हणतात तो खंड तिथेच सुरू होतो. मी तेवढ्या दिवसांपुरत्या बाहेरून घ्यायला सांगते आणि साठा आला की आशाताईंच्या हाती घरपोच पाठवते.

अवांतर: बीपी मोजताना लोक फार घाई करतात. बाजाराच्या पिशव्या हातात, दारातूनच दंड पुढे. पाच मिनिटं बाकावर टेकवा. पाठीला आधार, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, गप्पा बंद. आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू झाली असेल तर आकडा फुगतो. एकदा १४०/९० च्या वर दिसलं म्हणून मी लगेच कुणाला पेशंट करत नाही, पुन्हा बोलावते.

फडातून_कॉलेजात

आमचा खंड दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो. आई-वडिलांचा कोयता आहे, म्हणजे दोघं जोडीने ऊसतोडीला जातात. गाडी भरली की सांगली, कोल्हापूर, कधी बेळगावकडे, ते एप्रिलच्या आसपास परत. मी संभाजीनगरला शिकतो.

आईला शुगर निघाली, गोळ्या चालू झाल्या. चिठ्ठीवर 'सकाळी नाष्ट्याआधी'. फडात नाष्टा कुठला? पहाटे चारला अंधारात कोपीतून (झोपडीतून) निघायचं, बिनदुधाचा गोड चहा, आणि भाकरी सोडायची ती उन्हं चांगली वर आल्यावर. आईने इमानदारीत चारला गोळी घेतली. आठ-नऊला हात थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, मोळी बांधता येईना. मुकादमाला वाटलं काम टाळायलीय. खाडा धरला तर उचलीतून (आगाऊ घेतलेल्या पैशांतून) पैसे कापतात, म्हणून ती तशीच उठली. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने ठरवलं, या गोळीनं अंगातली ताकद जाते. बंद केली. आता सांगा, यात अडाणीपणा कुठे आहे? तिने जे पाहिलं त्यावरून बरोबरच ठरवलं.

दुसरं, पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम कुणी देत नाही. आणि कोपीत उंदीर, दव. पट्टी टिकवायची तर पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली वडिलांच्या करदोड्याला.

वॉर्ड_नंबर_सहा

फिजिशियन आहे, मराठवाड्यातच. @फडातून_कॉलेजात, तुमचा प्रतिसाद आमच्या पोस्टग्रॅज्युएट मुलांना वाचून दाखवणार आहे.

आईला झालं ते साखर उतरल्याचं लक्षण. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न असो-नसो इन्शुलिन सोडायला लावतात. वर ऊसतोडीसारखं काम, म्हणजे साखर ७० च्या खाली जायला वेळ लागत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. आम्ही 'सकाळी' लिहून मोकळे होतो. कोणाची सकाळ किती वाजता उगवते ते विचारत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: पहिली भाकरी अमुक वाजता, काम असं. ते गोळीची वेळ त्या भाकरीला जोडून देतील किंवा गोळीच बदलतील. परस्पर बदलू नका.

असं पुन्हा झालं तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटं बसवायचं. थरथर थांबली नाही तर पुन्हा तेवढीच. मग भाकरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा. साखरेची पुडी कमरेच्या पिशवीत असलीच पाहिजे, आणि शेजारच्या कोयत्यालाही ती कुठे आहे ते माहीत हवं.

अजून एक. फडात अंगदुखीच्या गोळ्या गोळ्या-बिस्किटांसारख्या खपतात. बीपी-शुगर असलेल्या माणसाने रोज डायक्लोफिनॅक खाल्ली तर किडनीवर दुहेरी भार. डायलिसिसला येणाऱ्यांना मी हे हमखास विचारतो आणि पुष्कळदा उत्तर 'हो' येतं.

गल्ल्यावरून

डॉक्टर, ती गोळी आमच्याकडून चिठ्ठीशिवाय जाऊ नये असा नियम आहे. किराणा दुकानातून जाते त्याचं काय करायचं?

@फडातून_कॉलेजात: आईला वाचता येत नसेल तर पाकिटावर चित्र काढून द्या. मी भाकरीला गोल आणि रात्रीला चंद्रकोर काढतो. गोलावर ठिपके, जितके ठिपके तितक्या गोळ्या.

उपकेंद्रवाली_ताई

निघायच्या आधी उपकेंद्रात आईचं कार्ड भरून घ्या, त्यावर औषधांची नावं आणि मात्रा लिहून. कारखान्याजवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) ते दाखवून गोळ्या मागायच्या, गाव कुठलं हा प्रश्न आडवा यायला नको. आलाच तर तिथल्या आशाताईला गाठा. आणि कार्डाचा फोटो तुमच्या मोबाइलात ठेवा. कार्ड भिजतंच.

झाडपाला_प्रेमी

इतकी चर्चा कशासाठी? माझ्या मावसभावाची शुगर एका गावठी काढ्याने दोन महिन्यांत गेली. सगळ्या गोळ्या बंद. आता बिनधास्त जिलबी खातो. पत्ता हवा असल्यास व्यनि (खाजगी निरोप) करा.

वॉर्ड_नंबर_सहा

व्यनि नको, इथेच मावसभावाचा एचबीए१सी सांगा. तो मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही. पुष्कळांसाठी ७ च्या आत ठेवायचा असतो, म्हाताऱ्या माणसांना थोडी सूट. काढा घ्यायचा तर घ्या, पण आहे ती गोळी न सोडता आणि डॉक्टरला सांगून. गुडघ्यासाठीच्या बिनलेबलच्या पावडरीत स्टिरॉइड घातलेलं आम्ही पाहिलंय. आठवड्यात दुखणं पळतं, तोंड सुजतं आणि साखर चारशेला.

झाडपाला_प्रेमी

विचारून सांगतो.

नांदेडची_आपा

आमच्या मोहल्ल्यात खंड रमजानात पडतो. अम्मी दोन्ही वेळच्या गोळ्या इफ्तारला एकदम घ्यायच्या, "दिवसभर राहिल्या ना." रोजा सोडा म्हटलं की विषयच संपतो, वर सून आहोत म्हणून बोलायचं किती? शेवटी मशिदीतल्या मौलानासाहेबांशी माझ्या मिस्टरांनी बोलून घेतलं. त्यांनीच अम्मींना सांगितलं की बोटातून थेंबभर रक्त काढून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही, आणि आजाऱ्याला कुरआनातच सवलत आहे. माझं सांगणं आणि त्यांचं सांगणं यात फरक पडतो, पडू द्या.

आता रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरकडे जातो. ते सेहरी-इफ्तारप्रमाणे गोळ्या बसवून देतात. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हे अम्मींनी स्वतः कबूल केलंय. सेहरी चुकवायची नाही, ही त्यांची नाही, माझी अट. रोज इन्शुलिन घेणारे, गरोदर बायका आणि किडनीचे पेशंट यांनी मात्र रोज्याचा विचार डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नये.

उपकेंद्रवाली_ताई

आपा, +१. चातुर्मासात आणि नवरात्रात आमच्याकडेही हेच. फक्त उपवासाच्या नावाखाली साबुदाणा, भगर, बटाटा, रताळं आणि वर राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे साखर दुपारी खाली आणि संध्याकाळी आभाळात.

बालाघाट

मी धाराशिवचा. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाणारे हजारो असतात. माझे चुलते दरवर्षी जात. शुगरने तळपायाची जाणीव गेलेली, त्यांनाच माहीत नव्हतं. वाटेत खडा रुतला, दोन दिवस तसेच चालले. दुखलंच नाही. घरी आल्यावर काकूला वास आला तेव्हा कळलं. अंगठा काढावा लागला.

पुढच्या वर्षी सगळ्यांनी "जायचं नाही" म्हणून घेरलं. मी म्हणालो, घेरू नका, तो पहाटे चोरून जाईल. आमच्या गुरवाने तोड काढली: देवीला पाय उघडे हवेत ते देवळात, रस्त्यावर नाही. महाद्वारापर्यंत मऊ तळाची एमसीआर चप्पल आणि पांढरे मोजे. पांढरे यासाठी की रक्त आलं तर दिसतं. मुक्कामाला काकू बॅटरी लावून तळवे बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. चुलते आता इतरांचेही बघतात, न विचारता. काही लोक वैतागतात.

स्पष्टच_बोलतो

सगळं दुसऱ्यांनीच करायचं का? काकूने पाय बघायचे, मेडिकलवाल्याने पट्टी कापायची, सुनेने मौलाना गाठायचे. पेशंटची स्वतःची काही जबाबदारी? माझा सख्खा भाऊ, शुगर ३०० च्या घरात, तंबाखू सुटत नाही, दिवसाला आठ चहा. घरातले चौघं ओरडून थकले. वहिनी साखरेचा डबा लपवते, तो हॉटेलात पितो.

गल्ल्यावरून

जबाबदारी त्याची आहेच. पण चौघं ओरडत असताना कुणी काय सोडलंय? ओरडा चुकवायला शिकतो माणूस, तेवढंच.

उपकेंद्रवाली_ताई

भाऊंना विचारून बघा, "यातलं एक काय जमेल?" एकच. आणि ते त्यांनीच निवडायचं, तुम्ही नाही. आमच्याकडे एका काकांनी निवडलं, चहा बंद नाही, पण कपाऐवजी बशीभर. मी तंबाखूची वाट बघत होते, ते बशीवर आले. ठीक आहे. दोन महिन्यांनी आकडा थोडा उतरलेला दिसला, तेव्हा त्यांनीच तंबाखूचा विषय काढला. पहिल्या दिवशी मी मीठ, साखर, तंबाखू, चालणं, वजन असं सगळं सांगितलं असतं तर ते पुन्हा आले नसते. मला हे प्रशिक्षणात शिकवलं होतं, पटलं मात्र बशीमुळे.

शेजारच्या नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या 'भारतवैद्य' बायकाही तशाच. गावातली बाई असल्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं आणि कोण कुणाचं ऐकतं हे तिला आधीच ठाऊक असतं. मला ते कळायला बदली होण्याइतका वेळ लागतो.

मोसंबीच्या_बागेतून

जालना जिल्हा. माझ्या मुलीला टाइप-१ आहे, म्हणजे गोळी नाही, रोज इन्शुलिनच. वरचं सगळं गोळ्यांचं चाललंय म्हणून विचारते: उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला, लाइट सहा-सहा तास नाही. फ्रिजचं कपाट होतं. काय करता तुम्ही? आणि गावात "मुलीला सुया लागतात हे बाहेर बोलू नका, पुढे लग्नाचं अवघड" असं सासूबाईंचं म्हणणं, त्यामुळे शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाही.

वॉर्ड_नंबर_सहा

न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंशांत हवं. वापरात असलेलं बहुतेक इन्शुलिन २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. तुमच्या पेनच्या खोक्यावर नेमकं लिहिलेलं असतं. फ्रीजर आणि बर्फाला थेट चिकटवणं दोन्ही वाईट. एकदा गोठलं की फेकून द्या.

लाइट नसेल तर मातीची दोन मडकी, एकात एक. मधल्या फटीत वाळू, ती सतत ओली. आतल्या मडक्यात डब्यात बंद करून इन्शुलिन, वर ओलं फडकं, सावलीत आणि वारा लागेल अशा जागी. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे चांगलं गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा हा उपाय तितका चालत नाही. आत एक साधा थर्मामीटर ठेवा.

शाळेत मात्र सांगावंच लागेल. वर्गशिक्षिका आणि एक मैत्रीण, दोघींना साखर उतरल्याची लक्षणं आणि दप्तरातली ग्लुकोजची पुडी माहीत हवी. सासूबाईंना तुमच्यासोबत एकदा ओपीडीत घेऊन या. मी बोलतो त्यांच्याशी.

मोसंबीच्या_बागेतून

मडकी आजच आणते. सासूबाई यायला तयार होतील का बघते. डॉक्टर म्हणाले असं सांगितलं तर येतील बहुतेक.

मलाही कधी कधी सगळं नको वाटतं. चार वर्षांची होती तेव्हापासून रात्री दोनला उठून साखर बघते.

नांदेडची_आपा

ताई, १४४१६ वर फोन करा, टेली-मानस. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. अम्मींच्या वेळी मी केला होता. आणि रात्री दोनची पाळी मिस्टरांना द्या, आठवड्यातून दोनदा तरी.

पुण्यातला_लातूरकर

रिपोर्ट: "किती उरल्या?" विचारायला लागलो. पहिल्या दिवशी आई म्हणाली "थांब बघते", आणि मागे वडिलांचा आवाज, "माझ्या पण मोज." चाललंय.

@गल्ल्यावरून, चार बाजार अधिक 'पाऊस' पाकीट असं आमच्यासाठी बांधून पाठवाल का? पैसे ऑनलाइन करतो.

गल्ल्यावरून

पाठवता येईल, पण पाठवणार नाही. वडिलांच्या पायाला सूज आली की बघायला मी तिथे नसेन. औशातल्या तुमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला सांगा, कुणीही करून देईल. फक्त बाजाराच्या दिवशी दुपारी चारच्या आत जाऊ नका, तेव्हा त्याला मान वर करायला वेळ नसतो. चिठ्ठी सोबत न्या, सगळ्या गोळ्या दाखवा, आणि 'एसआर' लिहिलेली (औषध हळूहळू सोडणारी) गोळी वडील अर्धी तोडून खातात का तेवढं विचारून घ्या. पुष्कळ जण तोडतात. ती तोडायची नसते.